नळाच्या पाण्यातली पिल्लं

२ मार्च
पोचले एकदाची. नदीकाठचं दुमजली संशोधन केंद्र. खाली प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर, वर माझी खोली. खिडकी उघडली की समोर पाणीच पाणी. राखणदार काकांनी सामान वर चढवलं आणि एवढ्या बाटल्यांत काय भरलंय म्हणून विचारलं. मेफ्लाय, म्हटलं. पंख फुटल्यावर जेमतेम दिवसभर जगणारे किडे. त्याआधीचं सगळं आयुष्य पाण्यात, पिल्लू म्हणून. मोठेपणी तोंड असून नसल्यासारखं, कारण खायला सवडच नसते. त्यांची कुळं लावायची आणि कुठली जात कुठल्या ओढ्यात सापडते त्याचा नकाशा करायचा, हे माझं काम. ताईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, माणसांची जात विचारायची सोडली आणि आता किड्यांची विचारतेस होय! पोट धरून हसलो.

९ मार्च
कामाला लय सापडली. पिल्लांच्या पोटाला दोन्हीकडून कल्ले असतात. ते पानासारखे की पिसासारखे, शेपट्या दोन की तीन, यावरून अर्धं कुळ कळतं. खळाळत्या पाण्यातली चपटी, दगडाला घट्ट बिलगणारी. गाळातली लांबोडकी, बिळं करून राहणारी.
काका लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेले. आता बोलायला फक्त ताईचा रविवारचा फोन. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. अजून पहिला प्रश्न ‘जेवलीस का?’ हाच. बाकी दिवस मी बाटल्यांशी बोलते. त्या काही उलटून बोलत नाहीत.

१७ मार्च
पेला विसळताना नळातून एक पिल्लू आलं. पांढुरकं. भिंगाखाली धरलं: कल्ले पोटाला नाहीत, गळ्याशी आहेत. आणि तोंडाच्या जागी सपाट कातडी. मोठ्यांचं तोंडावाचून निभतं, पण पिल्लाला वाढायचं असतं. हे खातं तरी काय? कुठल्याच कुळात बसेना. नवी जात! सांगायला कुणी नव्हतं. एकटीनंच टाळ्या वाजवल्या, मग त्या रिकाम्या घरात कशाशाच वाटल्या.

२६ मार्च
नदी वरपर्यंत चाळली, खालपर्यंत चाळली. ओढे पालथे घातले. ही जात कुठेच नाही. नळाला मात्र रोज. नकाशावर तिचा एकच ठिपका, हे घर.
आणि आल्यापासून मी हेच पाणी पितेय.
भूक मेलीय. ताईनं जेवलीस का विचारलं, हो म्हणून दडपून दिलं. आवाज असा काय येतोय, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

२ एप्रिल
सकाळी ओठ चिकटलेले. ओलं फडकं लावून सोडवले. गळ्याला दोन्हीकडून बारीक झालर आलीय. ती हलते.
निघायचं ठरवलं. बॅग घेऊन फाटकापर्यंत गेले आणि हवा पुरेना. जीव कासावीस झाला. रांगत परत आले, नळाखाली मान धरली, तेव्हा कुठे श्वास—

५ एप्रिल
ताईचा फोन. उचलला, पण शब्द फुटेना. नुसती घरघर. ती म्हणाली, “रडू नकोस बाळा, मी येते.”
नको म्हणायचं होतं. खरं तर नको म्हणायचं नव्हतंही.
मेसेज करायला गेले तर हातातून फोन मान भिजवायला उशाशी ठेवलेल्या बादलीत पडला. बंद.

६ एप्रिल
ओठ नाहीत. सपाट.
पाय उचलत नाहीत. गळ्याला ओला टॉवेल. भूक नाही, तहान नाही. फक्त कुणीतरी हवं—

७ एप्रिल
गाडी थांबली. ताई. खालून हाक मारतेय.
उन्हातून आलीय, घसा कोरडा पडलाय म्हणते. दोन घोट पिते आणि वर येते म्हणते—
पलंग बडवला. ती म्हणते, “आले गं, आले.”
नळ सुटला—
मोठ्या अक्षरात लिहून, सरपटत जाऊन जिन्यातून खाली टाकते—

ताई ते पाणी पिऊ न