किकऑफची स्पेशल तुकडी

शनिवार, मे २०२१. पॉइंट कुक.

लॉकडाऊननंतर आज लेकीच्या, सईच्या, युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमची पहिली मॅच पाहिली. कोचने सईसकट बेंचवरच्या मुलींची वेगळी तुकडी केलीय, फक्त किकऑफसाठी, म्हणजे बॉल लांब लाथाडून खेळ सुरू करतात त्यासाठी. "स्पेशल युनिट" म्हणे! पण सगळ्यात जोरात टक्कर तर किकऑफलाच होते. दोन्हीकडच्या मुली पूर्ण मैदान धावत येऊन आदळतात. मग स्पेशल कसलं? चांगल्या खेळाडूंना जपायला ह्यांना पुढे करतोय की काय?

घरी आल्यावर न राहवून विचारलंच, "सई, तो कोच तुमचा बळी देतोय का गं?"

"आय नो, आई. पण वर्षभर खोलीत लॅपटॉपसमोर एकटी बसले. मला आता कुणाला तरी धडकायचंय."

मी तिच्या खांद्यावर बर्फ धरला. कोच मात्र मला अजूनही पटलेला नाही.