परत मागितलेली चाकं

साखळी,
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय पल्लवीताई,

तुझ्या सासूबाईंना माझा वाकून नमस्कार, आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला दोनदा. तो बिघडला नसता तर तू शर्यती सोडल्या नसत्यास, आणि तुझी कार्बनची चाकं माझ्या सायकलीला लागली नसती.

इकडे सगळे बरे आहेत. खाणीचे ट्रक पुन्हा सुरू झालेत. सराव करून त्यांच्या लाल धुळीत माखून आले की आई मला ओळखत नाही, सरळ काथ्या घेऊन घासायलाच येते. सायकल संघाची निवड चाचणी पुढच्या रविवारी आहे. जर्सी मिळणार आहे, सायकल ज्याची त्याने आणायची. माझी तर तुला माहीतच आहे, हरमलला एक परदेशी पाहुणा सोडून गेलेली. तिच्या मूळच्या जड चाकांवर चोर्ल्याच्या घाटात मी कायम मागे राहायचे. तुझी चाकं लावली आणि पहिल्यांदा पुढच्यांची पाठ सुटली नाही. यंदा संघात येणार असं मलाही वाटू लागलं होतं.

हे खोकं बघून तू चक्रावली असशील. मागितली नसताना चाकं परत का आली? फोन केला नाही, कारण आमच्या घरात फोनवर बोललेलं बाबांना ऐकू येतंच.

पुढच्या चाकावर हवा भरायच्या तोंडाजवळ बोट फिरव. तडा गेलाय.

दसऱ्याला बाबांनी सायकल धुतली, झेंडूची माळ घातली. आयुष्यभर खाणीवर ट्रक चालवला त्यांनी, दर दसऱ्याला बंपरवर नारळ फोडला. सायकलीला बंपर कुठला? मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर चाकाच्या कडेवरून नारळाचं पाणी ओघळत होतं आणि बाबा हसत उभे. म्हणाले, "बाये, नारळ फोडल्याबगर गाडी रस्त्यार काडूंक जायना. आतां तुका कोण आडायता पळयां!"

मी प्रसाद खाल्ला. तडा दिसत होता तरी खाल्ला.

सगुणच्या सायकलच्या दुकानात दाखवलं. तो म्हणाला, "हेचेर बसू नाका गो, उतारार फुटतलें." रडत घरी आले. बाबांना खरं सांगायचं ठरवलं होतं. पण ते दारात शेजाऱ्याला माझ्याबद्दल सांगत होते, "आतां नारळ फोडला, चेडूं जिंकतलेंच." ट्रक विकल्यापासून त्यांना एवढं खूश मी पाहिलं नव्हतं.

मग मी तुझं नाव घेतलं. म्हटलं, पल्लवीताईने चाकं परत मागितली आहेत. मागचं चाक शाबूत होतं गं, पण तू मागितलीस म्हटल्यावर एक कसं ठेवू? दोन्ही बांधली.

बाबा भडकले, एकदा दिलेलं परत मागणारी ही कसली मैत्रीण म्हणून. "दिल्ली वस्त परत मागता? कसली गो ही तुजी इश्टीण!" आईही म्हणाली, पुण्याला गेल्यावर माणसं बदलतात. ज्या घरात तू आमच्या ताटात जेवलीस, तिथे तू आता कंजूष झालीस. मी समोर भाकरी मोडत बसले होते.

आता मी जुन्या चाकांवर उतरणार. निवड झाली नाही तर बाबा म्हणणार, तिने चाकं काढून घेतली म्हणून. जिंकले तरी म्हणणार, तिच्या नाकावर टिच्चून जिंकली. कसंही झालं तरी दोष तुझाच. तुला सोडवायचं तर बाबांना सांगावं लागेल की चाक त्यांच्याच नारळाने तडकलं, आणि ते माझ्याने होत नाही.

चाक भरून देईन म्हणायलाही लाज वाटते. कशाने देऊ?

बाबांनी तुझा नंबर मागून घेतलाय. एक-दोन दिवसांत फोन करतील, नको नको ते बोलतील. ताई, तू फक्त म्हण, हो, मीच मागितली.

तुझ्यामागे लपलेली,
सुविधा