तिच्या उंचीची काठी

२ फेब्रुवारी

आज नव्या घरात आलो. सामान अजून खोक्यांतच आहे, पण चहाचं भांडं आणि देवाची तसबीर पहिल्या फेरीतच आणली होती, त्यामुळे संध्याकाळपर्यंत घर आपलं वाटायला लागलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे ऐसपैस मोकळी जागा. आधीच्या मालकांनी तिथे काहीच लावलेलं नाही. नुसती तुडवलेली माती आणि तीन बाजूंनी दाट, जिवंत झाडांचं कुंपण. मी सामान सोडून आधी तिथेच गेलो आणि माती चिमटीत घेऊन बघितली. बायको म्हणाली, तुम्ही घर बघायला आलात की माती? मी म्हटलं, घर तू घे, माती मला दे. ती हसली नाही, पण ओठ जरा हलले. माझ्यासाठी एवढंही पुष्कळ झालं.

आमची एकुलती एक मुलगी सतरा वर्षांची होती. तापाने गेली. जुन्या घरात तिची खोली होती, आणि बायको त्या खोलीतून उठेनाशी झाली, म्हणून ते घर सोडलं. इथे बाग करायची. हिचे हात मातीत गेले की मनही हळूहळू माणसांत येईल, असं मला वाटतं. झोपण्याआधी देवाकडे तेवढंच मागणार आहे.

५ फेब्रुवारी

दोघं मिळून रोपवाटिकेत जाऊन आलो. मालक बोलका आहे. त्याने आम्हाला थेट महागड्या पामांपुढे नेऊन उभं केलं. असा एक दारात लावा, पाहुण्यांना घर दुप्पट मोठं वाटेल, म्हणाला. बायको म्हणाली, आमच्याकडे पाहुणेच येत नाहीत. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. मग मात्र त्याने नीट विचारपूस केली. सकाळचं ऊन कुठून येतं, पाणी कुठे तुंबतं, माती चिकट आहे की भुसभुशीत. शेवटी असं ठरलं: स्वयंपाकघराच्या जवळ लिंबू, भिंतीशी मोगरा, कुंपणाकडे जास्वंद, मधल्या वाटेच्या कडेने बुटकी फुलझाडं आणि कोपऱ्यात एक पेरू, त्याच्या सावलीत बाकडं. बाकड्याची कल्पना हिची. परतताना मी हे दोनदा बोलून दाखवलं, तर म्हणाली, पुरे आता, फार कौतुक नको.

८ फेब्रुवारी

आमच्या गावच्या शाळेत बाग होती. रोप आणण्याआधी गुरुजी आम्हाला काठ्या रोवायला लावत. झाड पुरतं वाढल्यावर जेवढं उंच होईल तेवढी काठी आणि तिच्या टोकाला चिंधी. मग काही दिवस त्या काठ्यांमधून हिंडायचं, सावली कुठे पडेल, वाट कुठे अडेल ते बघायचं आणि मगच रोपाला जागा द्यायची. इवलंसं रोप बघून जागा ठरवली की पुढे झाड आणि माणूस दोघंही अडचणीत येतात, असं ते सांगत.

तसंच केलं. पेरूसाठी चांगला लांब बांबू, लिंबासाठी त्याहून आखूड. बायको खिडकीत उभी राहून हुकूम सोडत होती. लिंबू डावीकडे घ्या, माझ्या ओट्यावर अंधार येतोय. किती दिवसांनी तिने कशाला तरी नावं ठेवली.

सगळं झाल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, अहो, अजून एक रोवा. आपला हात तिने स्वतःच्या डोक्याच्याही वर धरला. आपली शिडी आता एवढी झाली असती.

मुलगी एकाएकी इतकी ताडमाड वाढली, की हीच तिला शिडी म्हणून चिडवायची.

वाळक्या काठ्या संपल्या होत्या. कुंपणातली एक सरळ, ओली फांदी तोडली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर रोवली. हिने मुलीचा निळा स्कार्फ आणून टोकाला बांधला. रात्री पोटभर जेवली. मी देवापुढे बसलो तेव्हा डोळे भरून आले.

२४ फेब्रुवारी

रोपं आणली, लावली. बाकीच्या काठ्या काढल्या. ती एक काढली नाही. तिला कोंब आले आहेत.

रोपवाटिकावाला बघून हसला. कुंपणाचं लाकूड हो, ओलं रोवलं की फुटणारच, उपटून टाका, नाहीतर सगळं खत तेच खाईल. मग त्याने हिच्याकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं. ही रोज त्याला पाणी घालते, पानं पुसते, दिवसभरातलं काहीबाही सांगत बसते. मला त्यात काही वावगं वाटत नाही. बोलते आहे, हेच खूप.

११ मार्च

मोगरा वाळला. लिंबाची पानं गळाली. जास्वंदीच्या कळ्या न उमलताच काळ्या पडल्या. पाणी, खत, सगळं वेळेवर आहे. फक्त ती काठी वाढते आहे. आता माझ्या डोक्याच्या वर गेली. पानं सगळी घराच्या बाजूला. ऊन दुसऱ्या बाजूने येतं, तिकडे एकही पान नाही.

बायको म्हणते, दुपारी तिला हाक ऐकू येते. आई अशी. मी रजा काढून आज दुपारभर तिच्याजवळ बसलो. एकदा तिने मान वर केली आणि चेहरा इतका उजळला, की मीही कान दिला. काही नाही. वारासुद्धा नाही.

खरं तेच लिहितो. हिला भास होतात याचं दुःख मला कमी झालं. मला हाक आली नाही, याचं जास्त झालं.

१९ मार्च

जेवत नाही. ताट उचलून बाहेर नेते आणि बुंध्याशी ओतते. मी रागावलो तर म्हणाली, तिचं वाढीचं वय आहे, माझं काय आता. शेजारी निवृत्त नर्सबाई राहतात. त्यांनी मला फाटकाशी गाठून फैलावर घेतलं. बायकोच्या अंगावर कपडे लोंबतायत आणि तुम्ही झाडं कसली जोपासताय, म्हणाल्या.

संध्याकाळी नीट पाहिलं. वरच्या तीन कोवळ्या फांद्या एकमेकींत गुंफलेल्या आहेत. वेणीसारख्या. तू घातलीस का, असं हिला विचारलं, तर माझा हात तिथवर पोहोचतो का, म्हणाली.

ही घाईत असली की शाळेच्या वेळी मुलीची वेणी मी घालायचो. माझी वेणी नेहमी डावीकडे कलायची. मुलगी चिडायची, पण तशीच जायची.

ही वेणी डावीकडे कललेली आहे.

२६ मार्च

कामावरून आलो. घरात नव्हती. मागे, झाडाला पाठ लावून उभी. अनवाणी. पाय घोट्यापर्यंत मातीत. किती वेळ, विचारलं. ऐकू गेलं नाही.

उचलून काढलं तेव्हा ओरडली. वजन काहीच नाही. मोरीत बसवून पाय धुतले. बोटांच्या बेचक्यांतून पांढरी बारीक मुळं. काही धुऊन गेली. काही गेली नाहीत — चोळली, तर ती कळवळली. मुळं आत जात होती की बाहेर येत होती — मी बघितलं नाही. बघवलं नाही.

२७ मार्च

प्रार्थनेला बसलो. काय मागायचं कळेना. हिला वाचव म्हणायचं, म्हणजे मुलीला पुन्हा —

तसाच उठलो.

२९ मार्च, सकाळी

अंथरुणातून उठत नाही. नर्सबाईंनी दवाखान्यात कळवलं. दुपारनंतर गाडी येईल. ही म्हणते, जाणार नाही, ती एकटी पडेल. झाड उभं आहे तोवर ही उंबरा ओलांडणार नाही. करवत काढली. तिने पाहिली. ओरडली नाही. म्हणाली, तुम्हाला बोलावत नाही ना, म्हणून तोडताय.

करवत घेऊनच हिच्या उशाशी बसलो.

दुपारी

तिच्या उशाशी बसून लिहितो आहे. दोन चमचे पाणी घेतलं तिने. कितीतरी वेळाने माझ्याकडे पाहिलं — मला ओळखून. डोळे पूर्वीचे. म्हणाली, अहो, मला भीती वाटते. मला इथून न्या.

देवा, तुझे उपकार.

नेतो म्हटलं. आधी ते तोडतो. करवत मांडीवर आहे. हिने माझा डावा हात धरून ठेवलाय. झोप लागली की सोडवून —

खिडकीच्या काचेला पानं टेकली आहेत. सकाळी एवढी जवळ नव्हती.

हाक आली.

आई नाही.

बाबा म्हणाली. आजारपणात पाणी मागताना म्हणायची तशी — शेवटचं अक्षर ओढून —

हिने ऐकलं. मान हलवते आहे. नाही, नाही. तुम्ही जाऊ नका, ती आपली नव्हे, म्हणते. आत्ता म्हणते. हात घट्ट —

पुन्हा. बाबा.

करवत खाली ठेवली. एकदाच बघून येतो, म्हटलं हिला. एकदाच. किती ताकद आली हिच्या बोटांत — एकेक बोट सोडवतो आहे — रडू नकोस अगं, लगेच येतो, तिला फक्त पाणी —