‘नाही’चं बटण

१२ ऑगस्ट, दुपार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझा मेल परवाच आला, उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. भाचीची परीक्षा छान गेली हे वाचून बरं वाटलं. माझ्यातर्फे तिला एक लाडाचा धपाटा दे. इकडे आम्ही मजेत. अण्णांची भूक चांगली आहे आणि पेपरातल्या चुका काढायचा उत्साहही.

पाठीच्या दुखण्यामुळे माझं घरून काम सुरू झालंय, म्हणजे व्हायला हवं होतं. इमारतींचे नकाशे ऑफिसच्या कॉम्प्युटरबाहेर न्यायचे नाहीत असा आमच्याकडे नियम, त्यामुळे घरून तिथे पोचायला व्हीपीएन लावावं लागतं. घर ते ऑफिस अशी एक बंद वाट समज. पासवर्ड टाकला की फोनवर प्रश्न येतो, ‘लॉगिन तुम्हीच करताय का?’ ‘हो’ दाबलं की वाट मोकळी. ऐकायला सोपं आहे, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं.

रोज पासवर्ड टाकायचा आणि रोज नकार. आमच्या नेटवर्कवाल्याने फोनवरून सगळं पुन्हा बसवून घेतलं, राउटरसुद्धा बदलायला लावला. सज्जन माणूस, पण शेवटी तोही वैतागला. म्हणाला, “मॅडम, आमच्याकडून सगळं ठीक आहे. तुमच्याच फोनवरून कुणीतरी ‘नाही’ दाबतंय.”

फोन नेहमीसारखा बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता, त्यामुळे तो प्रश्न मला कधी दिसलाच नव्हता. मी पासवर्ड टाकला आणि धावत बाहेर गेले. अण्णा चष्मा सावरत फोनवर वाकले होते. “पुन्हा तोच,” ते म्हणाले. “रोज विचारतो लेकाचा. मी काही दाद देत नाही.”

लोकांना फोनवरून गंडवतात म्हणून मीच त्यांना पढवलं होतं, काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं. बाकी सगळं विसरतात, हे मात्र पक्कं धरून ठेवलंय. मला आधी हसूच आलं.

आता फोन माझ्या खिशात असतो, पण उशीर झाला. इतके नकार पाहून ऑफिसने माझं खातं बंद केलं. त्यांना वाटतंय, माझा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागलाय. ऑफिसच्या मोठ्या मॅडमनी सोमवारी समक्ष बोलावलंय. खुलासा पटला नाही तर घरून काम बंद, पुन्हा रोज ऑफिस.

तू म्हणशील, मग जा की, पाठीला पट्टा बांध. ताई, माझी पाठ ठणठणीत आहे. ती थाप होती, ऑफिसला मारलेली आणि तुलाही.

‘बाकी सगळं विसरतात’ असं मघाशी लिहून गेले. खोडणार होते, पण राहू दे.

गेल्या महिन्यात अण्णा दूध आणायला गेले ते परतलेच नाहीत. संध्याकाळी बस डेपोच्या बाकावर सापडले. मला बघून म्हणाले, “बाई, जरा माझ्या मुलीला फोन लावून देता का?” मी तुझा नंबर लावून दिला. तू नंतर मला म्हणालीस, अण्णा आज किती मोकळेपणी बोलले. तो फोन तिथून होता. मी त्यांच्या शेजारी उभी होते.

त्यानंतर ऑफिसला जाताना मी दाराला बाहेरून कुलूप लावत होते. एकदा घरी आले तर आतून दार ओढून ओढून त्यांची बोटं सोलवटली होती. मला स्वतःची शिसारी आली. दुसऱ्याच दिवशी मी पाठदुखीचा अर्ज दिला.

फोनवर हे बोलता येत नाही. अण्णा जवळच बसलेले असतात, आणि नेमकं अशा वेळी त्यांना सगळं कळतं. मला फार भीती वाटते गं. नोकरीची वाटते, त्यांची वाटते, आणि सोमवारी घाईत मी पुन्हा कुलूप लावीन याची सगळ्यात जास्त.

दर वेळी लिहिते, सवडीने ये. या वेळी सवड बघू नकोस, रविवारी ये. ते तुला ओळखतील की नाही, मला सांगता येत नाही. तरी ये.

तू नाही आलीस तर मी सोमवारी जाणार नाही. मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

तुझ्या भरवशावर,
धाकटी