गुरुवारचे फोटो

प्रिय ठकू,

तुझा जुना कॅमेरा मी वापरते आहे. तुला न विचारताच घेतला. तुझ्या कपाटात खालच्या कप्प्यात, स्वेटरांच्या मागे होता. चार्जर शोधण्यात दोन दिवस गेले. सोबत चौदा फोटो पाठवते आहे, सावकाश बघ. पत्र कशाला, फोनवर सांगायचं की, असं म्हणशील. पण आपल्या फोनचं तुला ठाऊक आहे. तू विचारतेस, जेवलीस का, मी म्हणते, जेवले. मी विचारते, काम कसं चाललंय, तू म्हणतेस, चाललंय. मग दोघी एकमेकींच्या घरातला पंखा ऐकत बसतो. म्हणून म्हटलं, लिहावं. लिहिताना मध्येच कुणी फोन ठेवत नाही.

फोटो सगळे मत्स्यालयातले आहेत. दर गुरुवारी मी तिथे जाते, अकरापासून तीनपर्यंत. हे कसं सुरू झालं ते तुला कधी सांगितलं नाही. बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी मी कामावर परत गेले, इथवर तुला माहीत आहे. चौथ्या की पाचव्या दिवशी छातीच्या एक्स-रेसाठी एक सत्तरीचे गृहस्थ आले होते. मी नेहमीसारखं म्हटलं, श्वास आत घ्या, धरून ठेवा. बटण दाबलं, आणि सोडा म्हणायचंच राहून गेलं. पडद्यावर त्यांच्या फासळ्या बघत बसले. माणूस शिस्तीचा, बिचारा धरून उभा. चेहरा लालबुंद झाल्यावर त्यांनीच हळूच विचारलं, "बाई, सोडू का?" आमच्या विभागप्रमुख बाई हे ऐकून हसल्या, मीही हसले असेन. त्याच आठवड्यात असं आणखी दोनदा झालं तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. गुरुवारी रजा घ्यायची आणि घरात बसायचं नाही, अशी तंबी दिली. विभागातल्या सगळ्यांनी मिळून मत्स्यालयाचा वर्षाचा पास हातात ठेवला. मासेच का, हे मी विचारलं नाही. कुणाच्या तरी मुलांना तिथे मजा आली होती म्हणे.

पहिले तीन गुरुवार मी मोठ्या टाकीसमोरच्या एकाच बाकावर बसून घरी आले. बरं वाटलं म्हणणार नाही. वाईटही वाटत नव्हतं. त्या महिन्यांत मला काही वाटतच नव्हतं गं, दातांच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर गाल होतो तसं सगळं अंग झालं होतं. घरी असलं की समोरच्या वहिनी दार वाजवून चेहरा निरखून बघायच्या, रडले की नाही ते शोधायच्या. मत्स्यालयात अंधार असतो आणि माणसं काचेकडे बघत असतात, त्यामुळे तुमच्याकडे कुणी बघत नाही. फक्त एक पहारेकरी दोनदा येऊन विचारून गेला, काकू, बरं वाटत नाही का. चौथ्या वेळी मी कॅमेरा नेला तो त्याच्यासाठीच. हातात कॅमेरा असला की नुसतं बसायला कारण लागत नाही.

काचेतून फोटो काढणं वाटतं तितकं सोपं नाही. फ्लॅश वापरायला बंदी आहे, माशांच्या डोळ्यांना त्रास होतो. पहिल्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत मासा कमी आणि मीच जास्त होते. मग कळलं, लेन्स काचेला अगदी टेकवायची, गडद कपडे घालायचे, आणि मासा येईल तिथे आधीच नजर लावून थांबायचं. त्याच्या मागे धावायचं नाही. थांबणं मला तेव्हा चांगलं जमत होतं. पहिला फोटो बघ, तो पाकट माशाचा आहे. पोटाकडून हसरा दिसतो, मुलं हात हलवतात त्याला. पण आपल्याला डोळे वाटतात त्या त्याच्या नाकपुड्या आहेत, खरे डोळे पाठीवर, वरच्या बाजूला. दुसरा समुद्रघोडा, शेपटीने गवताला असा धरून राहतो की गर्दीतल्या बसमध्ये तू माझा पदर धरायचीस त्याची आठवण झाली. जेलीफिशचे तीन आहेत, विभागातल्या मुलीला वाटलं एक्स-रेच आहेत. ऑक्टोपसचा एकही नाही. तो माझ्या वेळेला झोपलेला असतो.

मत्स्यालयातली लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर बोटभर वर थांबते. तुला आठवतं, कुणाच्या घरी गेलो की बाबा लिफ्टमध्ये शिरताना आधी पायाखाली बघायचे? तीस वर्षं लिफ्टच दुरुस्त केल्या, नजर जाणारच. तुझ्या वाढदिवसाला आपण त्या उंच हॉटेलात गेलो आणि बाबा केक कापायच्या ऐन वेळी लिफ्टमनशी बोलायला गेले, तू रुसून टेबलाखाली बसलीस. मी दर गुरुवारी त्या बोटभर पायरीवर अडखळते. तिथल्या लोकांना सांगायला हवं, पण सांगितलं नाही. बाबांचं नाव मी तुझ्याशी बोलताना काढत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. तूही काढत नाहीस.

उरलेले फोटो पेंग्विनचे आहेत. त्यांचं दालन तळमजल्यावर, अर्धं पाणी आणि अर्धा खडक. खाली एक रुंद काच आहे, तिच्यातून ते पाण्यात पोहताना दिसतात. जमिनीवर अगदी लुटुपुटूचे वाटणारे हे पक्षी पाण्यात असे सुटतात की मला पहिले दोन महिने रिकाम्या पाण्याचेच फोटो मिळाले. प्रत्येकाच्या पंखावर रंगीत पट्टी असते, त्यावरून नाव. दिवसातून दोनदा त्यांना मासे भरवायला एक मुलगी येते, तुझ्याहून तीनचार वर्षांनी मोठी असेल. पायांत गमबूट, हातात निळी बादली. मी मनात तिला बादलीवाली म्हणत होते, एकदा तोंडावर म्हटलं, तर तिला ते आवडलं. ती मला कॅमेरावाल्या काकू म्हणते. कोण कुणाची जोडी, कोण कुणाचा मासा पळवतो, कोण रुसतो, सगळं सांगते. तिने माझ्या घरचं कधी विचारलं नाही. म्हणूनच बहुधा मी तिच्याजवळ उभी राहू लागले.

त्यांतली पिवळ्या पट्टीची एक मादी, पिवळी, माझ्या फोटोंत सगळ्यात जास्त यायची, कारण ती सावकाश पोहायची. मला वाटलं, वयस्कर आहे. घरी फोटो संगणकावर लावून बघायची मला सवय लागली होती. आमच्या कामात नवी फिल्म जुनीच्या शेजारी ठेवून बघतात, काय बदललं ते तेव्हाच कळतं. तसेच मी पाच गुरुवारचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. पोहताना त्यांचे पाय मागे ताणलेले असतात, तळवे स्पष्ट दिसतात. पिवळीच्या डाव्या तळव्यावर काळसर ठिपका होता. पहिल्या फोटोत मसुराएवढा. पाचव्यात बोराएवढा, आणि भोवती सूज. खडकावरच्या फोटोंत ती उजव्या पायावर भार देऊन उभी होती, डावा पाय जेमतेम टेकवून.

पुढच्या गुरुवारी मी गेले, बादलीवाली आली, तिने त्यांना भरवलं, माझ्याशी बोलली, निघून गेली. मी काही सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. का, ते मला विचारलंस तर धड सांगता येणार नाही. घाबरले वगैरे नव्हते. दिसत होतं, कळत होतं, आणि तोंड उघडत नव्हतं. मी स्वतःला सांगत होते, त्यांचे डॉक्टर आहेत, रोज बघणारी माणसं आहेत, माझं काम फोटो काढायचं. तिसऱ्या गुरुवारी पिवळी पाण्यात उतरलीच नाही. बाकीचे माशांसाठी धावले तेव्हा ती जागेवर उभी राहिली. तेव्हा मी कॅमेरा बादलीवालीच्या हातात दिला आणि फोटो मोठा करून दाखवला.

ती कॅमेरा घेऊन तशीच आत पळाली. तासाभरात प्राण्यांचे डॉक्टर आले. पिवळीला उचलून आत नेलं. नंतर कळलं, असा फोड हाडापर्यंत जातो आणि मग फारसं काही करता येत नाही. पिवळीचा अजून हाडाला लागला नव्हता. कापून साफ केला, पायाला पट्टी बांधली, सहा आठवडे मऊ चटईवर एकटीला ठेवलं. शेवटचे दोन फोटो ती परत आल्यावरचे आहेत. एकात ती दुसऱ्याचा मासा पळवते आहे.

पायाची पट्टी निघाली त्या दिवशी बादलीवालीने मला आत नेऊन तिला जवळून दाखवलं. परत येताना आतल्या बोळात सहज विचारलं, तुम्हाला पहिल्यांदा कधी दिसलं होतं. मी खरं ते सांगितलं, की फोटो दाखवला त्याच्या दोन आठवड्यांहून आधी. ती थांबली. चिडली नाही. फक्त म्हणाली, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत, काकू?" मी म्हटलं, आमच्या कामाचा नियम असतो, जे दिसतं ते आम्ही सांगत नाही, सांगायचं डॉक्टरांनी. त्यावर ती म्हणाली, "पण इथे तुम्ही कामावर नव्हता ना." एवढं बोलून बादली धुवायला गेली. मी त्या बोळात बराच वेळ उभी होते. बाहेर आले, चुकीच्या बसमध्ये बसले, शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि तिथून चालत घरी आले. त्याला आता नऊ दिवस झाले. नऊ दिवस हे पत्र मनात लिहिते आहे.

मागच्या वर्षी तू बारा दिवसांसाठी आलीस, त्याच्या आधीच्या मंगळवारी मी बाबांना दुपारच्या सुट्टीत विभागात बोलावून घेतलं होतं. खोकला तीन आठवडे हटत नव्हता. मीच त्यांना एक्स-रेच्या पाटीसमोर उभं केलं, मीच खांदे पुढे सरकवले. पडद्यावर चित्र आलं आणि उजव्या बाजूला वरती मला ते दिसलं. सव्वीस वर्षं हेच बघते आहे, मला अहवालाची गरज नव्हती. शर्टाची बटणं लावताना त्यांनी विचारलं, ठीक आहे ना गं. मी म्हटलं, डॉक्टर बघून सांगतील. शुक्रवारी अहवालाचं पाकीट हातात आलं आणि शनिवारी सकाळी तू दारात. दोन वर्षांनी आली होतीस. मी पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि चेन ओढली. रोज वाटायचं, आज सांगू. तुम्ही दोघं स्वयंपाकघर रंगवायला काढून बसला होता. तू गेलीस त्याच दुपारी पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी वाचलं, मग वरची तारीख बघितली. म्हणाले, "ठकू होती तेव्हा तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "म्हणजे बारा दिवस तू एकटीच होतीस." आणि बूट घालायला उठले, कारण डॉक्टर पाचला दवाखान्यातून उठतात. पुढचं सगळं इतक्या लवकर झालं की तुला वेळेवर पोचताही आलं नाही. दोन आठवड्यांनी काही फरक पडला असता का, असं मी नंतर डॉक्टरांना एकट्याने गाठून विचारलं. ते म्हणाले, फारसा नाही. त्यातल्या फारसा या शब्दाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

बाबा गेल्यानंतर कागद लावताना तुला तो अहवाल सापडला. तारीख बघून तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलंस, मी आले तेव्हा बाबांना हे माहीत होतं का. मी मान हलवली. हो म्हणून. तू म्हणालीस, म्हणजे बारा दिवस त्यांनी माझ्यासमोर नाटक केलं. तेव्हाही मी तुझं म्हणणं खोडलं नाही. त्या दिवसापासून तू त्यांचं नाव घेतलं नाहीस, आणि परवा मी वर्ष होतंय, येतेस का विचारलं तर म्हणालीस, ज्यांनी मला निरोपसुद्धा घेऊ दिला नाही त्यांच्यासाठी कशाला येऊ. ठकू, त्यांना काहीही माहीत नव्हतं. शिडीवर उभे राहून गात होते ते मनापासून गात होते. पत्त्यांत तुला लबाडीने हरवून हसले, खोकला येईपर्यंत हसले, ते खरं हसू होतं. तुला गाडीत बसवून देताना म्हणाले, पुढच्या वेळी बाल्कनी काढू रंगवायला, तर ती त्यांना खरोखरच रंगवायची होती, घरी येताना रंग कोणता यावर माझ्याशी वाद घातला. नाटक मी केलं, आधी त्यांच्यासमोर, मग तुझ्यासमोर, आणि नंतर ते एका मेलेल्या माणसाच्या नावावर टाकलं. तुला राग धरायचा तर माझ्यावर धर, हवे तितके दिवस. त्यांच्यावरचा तेवढा काढून घे.

उत्तराची घाई नाही. मी घरीच आहे.

तुझीच,
आई