दुकानाचं एकच खातं

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

देवाच्या दयेने इकडे सगळे बरे आहोत. फोन असताना ताई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोन दुकानात आहे, ई-मेलही दुकानातल्याच कॉम्प्युटरवर येतं, आणि दोन्हींसमोर हे बसलेले असतात. तुझं नाव निघालं की ह्यांना लगेच फडकं घेऊन काहीतरी पुसायचं आठवतं. इंटरनेटवर गेम विकणाऱ्या त्या कंपनीत तू लागलास तेव्हापासून ह्यांच्या तोंडी तू बारक्या राहिला नाहीस, ‘तुझा भाऊ’ झालास. भांडण आहे का, असं मी एकदा सरळ विचारलं. म्हणाले, भांडायला समोर काउंटर लागतो, तुझ्या भावाच्या कंपनीला तो नाहीच.

दुकानाचं सांगायचं तर नव्या गेमच्या खोक्यात आता सीडी नसते, नुसती चिठ्ठी असते. तिच्यावरचा नंबर टाकून गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. लोक खोकं उघडतात आणि ते आम्हीच रिकामं केल्यासारखे आमच्याकडे बघतात. जुन्या सीड्यांचं कपाट तुला आठवत असेल. खेळून झालेली सीडी गिऱ्हाइकाने आणून द्यायची, ह्यांनी ती शेवटपर्यंत खेळून बघायची, खोक्याच्या आत ‘तपासली’ लिहून सही करायची आणि मगच दुसऱ्याला विकायची. बाकीच्या बायकांना नवरे फायली चाळताना दिसले, मला राक्षस मारताना दिसले. पण त्या सहीवर दुकान चाललं. आता ते कपाट उघडायला कोणी येत नाही.

म्हणून गेल्या वर्षी ह्यांनी युक्ती काढली. आपल्या गिऱ्हाइकांपैकी बऱ्याच जणांच्या घरचं इंटरनेट रांगत चालतं, आणि बँकेच्या कार्डाचा नंबर तिथे द्यायला ते घाबरतात. ह्यांनी तुझ्याच कंपनीत दुकानाचं एक खातं उघडलं. गिऱ्हाइकाने पैसे आमच्याकडे द्यायचे, ह्यांनी त्या खात्यावर गेम घ्यायचा, आणि लोकांनी आपापला कॉम्प्युटर उचलून दुकानात आणून त्यात तो भरून न्यायचा. अडचण एवढीच की खातं एक आणि खेळणारे पुष्कळ, आणि एका खात्यावर एका वेळी एकालाच खेळता येतं. दातांचे डॉक्टर खेळायला बसले की गाडी शिकवणाऱ्या बाईंचा गेम मध्येच बंद पडायचा. त्यावरून दोघांत बोलाचालीही झाली. शेवटी ह्यांनी फळ्यावर वेळापत्रक लिहिलं. दवाखाना बंद झाला की डॉक्टर, त्यांच्या आधी बाई. नळाला पाणी यावं तसे लोक आपापल्या वेळेला खेळतात.

आता माझं काम. दुकानाचा हिशेब मी ठेवते हे तू जाणतोस. डॉक्टरांनी गेम घेतला, पण हातात काही आलं नाही. उद्या नकोसा झाला तर तो दुसऱ्याला देताही येत नाही. हे मी विक्रीत लिहू की भाड्यात? ह्यांना विचारलं तर म्हणाले, तुझ्या भावाला विचार. म्हणून विचारते.

वेळेवर जेवत जा. लोभ आहे तो वापरात ठेव, नुसता जपून ठेवू नकोस.

तुझी
ताई


१३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचायला घेतलं, वेळापत्रकापर्यंत आलो आणि घडी घालून खिशात टाकलं. उरलेलं घरी येऊन वाचलं.

भावोजींना सांग की तो फळा आजच्या आज पुसा. आमचा नियम असा आहे की एका खात्यामागे एकच माणूस. एकच खातं निरनिराळ्या घरांतून उघडतंय असं दिसलं की यंत्र ते आपोआप अडवतं, आणि अडवलेलं खातं आमच्या खोलीत येतं. आमची खोली म्हणजे टेबलांची एक रांग आणि प्रत्येक टेबलावर थंड होत असलेला चहा. काउंटर खरंच नाही, भावोजींचं बरोबर आहे. माणूस आम्हाला दिसत नाही, त्याने लिहिलेलं ‘हो’ किंवा ‘नाही’ तेवढं दिसतं.

ज्याचं त्याला वेगळं खातं उघडून द्या. आधी घेतलेले गेम त्यात हलवता येत नाहीत, तेवढं नुकसान होईल, पण पुढचं वाचेल.

हिशेबाचं नंतर लिहितो. त्याचं उत्तर आमच्याकडेही कोणी एका दमात देत नाही.

तुझा लोभ आहेच. भावोजींच्या बाजूनेही थोडा आला तर नाही म्हणणार नाही.

तुझा
बारक्या


१९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, पण खातं त्याच्या आदल्याच दिवशी बंद झालं होतं.

बाईंची वेळ आधी, म्हणून त्या आधी आल्या. मग एकेक करत बाकीचे. डॉक्टर तर अंगातला पांढरा कोट न काढताच आले. कोणी आवाज चढवला नाही. सगळे नुसते ह्यांच्याकडे बघत होते, आणि तेच वाईट. ह्यांनी काउंटरवर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं की तुमचे गेम परत मिळतील, हा माझा शब्द. मी मागे उभी होते. शब्द ह्यांचा होता आणि किल्ली तुमच्याकडे.

कंपनीची सूचना आली आहे. महिनाअखेरपर्यंत एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. या खात्यावरचं सगळं तुम्ही स्वतःसाठी घेतलं आहे का आणि तुम्ही एकटेच वापरता का? ‘हो’ नाहीतर ‘नाही’, आणि खाली काही लिहायचं असल्यास जागा.

तुझ्याच खोलीत हे आलं असेल. काही करता येईल का? दुकान चाललं नाही तर दुसरं काहीतरी बघू, दोन माणसांना लागतं किती. पण दिलेला शब्द खोटा पडला तर हे या रस्त्याने मान वर करून चालायचे नाहीत. मी तुला लिहिते आहे हे ह्यांना सांगितलेलं नाही.

देवावर हवाला आहेच, थोडा तुझ्यावरही ठेवते. लोभ आहे म्हणूनच.

ताई


२४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

नातेवाइकाचं खातं मला हाताळता येत नाही. ते माझ्या शेजारच्या टेबलावर गेलं आहे. तरी मला माहीत आहे तेवढं सांगतो.

‘हो’ लिहा. उत्तर ‘हो’ आलं की माझा शेजारी चहा गार व्हायच्या आत खातं उघडेल. आम्ही खरंखोटं तपासत नाही, तेवढा वेळच नसतो. ‘नाही’ आलं तर खातं कायमचं बंद, आणि कोणालाच काही मिळणार नाही.

खातं उघडलं की मात्र फळा पुसा. आणि हे भावोजींना माझ्या नावाने सांगू नकोस, तुझं म्हणून सांग. माझं म्हटलंस तर ते मुद्दाम उलटं करतील.

लोभ आहे तसाच असू दे, घाई तेवढी कर.

बारक्या


२ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

माझं म्हणून सांगितलं. हे जेवत होते. म्हणाले, ही अक्कल तुझी नाही, हिला तुझ्या भावाच्या ऑफिसचा वास येतोय. मग म्हणाले की सगळं माझंच आहे असं आज लिहून द्यायचं, आणि उद्या डॉक्टरांना कोणत्या तोंडाने सांगायचं की हा गेम तुमचा? मी म्हटलं, डॉक्टर कशाला विचारताहेत, त्यांना खेळायला मिळाल्याशी कारण. डॉक्टर विचारणार नाहीत म्हणूनच, असं म्हणून हे पानावरून उठले.

दुसऱ्या दिवशी हे बँकेत गेले असताना मी दुकानात बसले होते. समोर ती सूचना उघडीच होती. ‘हो’वर नेऊन बोट दाबायचं, एवढंच काम. सवयीने देवाचं नाव घेतलं आणि तिथेच अडकले. नाव घेऊन खोटं कसं दाबायचं? बरं, न घेता दाबू म्हटलं, तर मला देवाचं नाव न घेता काही सुरूच करता येत नाही. इतकी वर्षं हिशेब लिहिते, दुसऱ्याचं कधी आपल्या रकान्यात घातलं नाही. उठले आणि काउंटर पुसून काढला. ही सवय आता मलाही लागली.

ह्यांनी शेवटच्या दिवशी ‘नाही’ लिहिलं. खालच्या जागेत कोणता गेम कोणाचा आणि तो कधी खेळतो, ते सगळं लिहिलं. माझं खातं बंद करा पण ज्याचं त्याला द्या, असंही लिहिलं. पाठवायच्या आधी मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, पाठवा.

आता तुझ्या शेजाऱ्याच्या हातात. तुझं ऐकलं नाही म्हणून रागावू नकोस. लोभ रागापेक्षा जुना आहे.

ताई


१० मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तर शेजाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवलं, कारण त्याला गंमत वाटली. दातांचे डॉक्टर, दवाखाना बंद झाल्यावर. गाडी शिकवणाऱ्या बाई, डॉक्टरांच्या आधी. सगळे हसले. सवयीने मीही थोडा हसलो. शेवटी भावोजींनी लिहिलं होतं की यातलं माझं काहीही नाही. तिथे शेजाऱ्याचा आवाज जरा उतरला. मग मी सांगितलं की हे माझे भावोजी.

आमच्या साहेबीण बाईंनी ते उभ्याउभ्याच वाचलं. खरोखर वेळापत्रक होतं का, एवढंच मला विचारलं. मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या की इतक्या वर्षांत या प्रश्नाला ‘नाही’ लिहिणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. आणि मग नियमाप्रमाणे खातं कायमचं बंद केलं. गिऱ्हाइकांना काही देता येणार नाही, कारण कंपनीच्या लेखी त्यांची नावंच नाहीत. आडवळण न घेता लिहितो, कारण तुला तसंच लागतं.

तुझ्या हिशेबाचं उत्तर. विक्री नाही आणि भाडंही नाही. न वाचता सगळे ज्याला ‘हो’ म्हणतात त्या करारात लिहिलं आहे की ही खेळायची परवानगी आहे आणि कंपनी ती काढून घेऊ शकते. परवानगी असा एक रकाना पाड.

सोबत पार्सल पाठवतो आहे. मी नोकरीसाठी घर सोडलं तेव्हा भावोजींनी कपाटातून काढून दिलेली सीडी. आत ‘तपासली’ आहे आणि सही आहे. माझ्या आताच्या कॉम्प्युटरला सीडी घालायला जागाच नाही. डॉक्टरांना चालत असेल तर त्यांना द्या.

लोभ तेवढा परवानगीचा नसावा, मालकीचा असावा.

बारक्या


२८ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण दुकान आवरत होतो.

खातं गेल्याचं कळलं त्या दिवशी हे दुकानाच्या दारातच उभे राहिले. येईल त्याला सांगितलं की मी शब्द दिला होता, तो मला पाळता आला नाही, कपाटातलं हवं ते घेऊन जा. डॉक्टरांनी बराच वेळ लावून सीड्या निवडल्या. जाताना म्हणाले की दुखणार नाही असं ते रोज सांगतात, दुखतं, आणि माणसं तरीही परत येतात. एक विमा एजंट मात्र अजून आमच्या समोरून जात नाही, पलीकडच्या फुटपाथवरून जातो. बाईंच्या लॅपटॉपला सीडीची जागा नाही. त्यांनी काही घेतलं नाही, तशाच परत गेल्या. हे त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

कपाट रिकामं झालं तसं तेही काढून टाकलं. त्याच्यामागे भिंतीचा रंग अजून नवा आहे, बाकीची भिंत कळकटली आहे हे तेव्हा दिसलं.

आठवड्याने बाई लॅपटॉप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, माझ्या नावाचं खातं उघडून द्या. मग दुसरे आले, आणि त्यांचे ओळखीचेही. आता हेच काम. कोणाचं खातं उघडून दे, कोणाचा कॉम्प्युटर दुरुस्त कर, कोणाला सीडी ड्राइव्ह जोडून दे. पासवर्ड घालायची वेळ आली की हे उठतात आणि कपाटाच्या जागी भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. लोक म्हणतात, तुम्हीच लक्षात ठेवा हो, आम्ही विसरतो. हे काही वळत नाहीत.

तुझं पार्सल पोचलं. ह्यांनी सीडी उजेडाकडे धरून तिरकी करून बघितली. रविवारभर बसून शेवटपर्यंत खेळले आणि जुन्या सहीखाली परत ‘तपासली’ लिहिलं. डॉक्टरांना द्यायची का, विचारलं, तर म्हणाले, बारक्याला लिही की सीडी त्याची आहे, मी फक्त तपासली. येताना त्याचा कॉम्प्युटर घेऊन यायला सांग, ड्राइव्ह जोडून देतो. ह्यांनी तुला ‘बारक्या’ म्हटलं, ते मी दोनदा म्हणवून घेतलं नाही, एकदाच पुरलं.

परवा माझंही खातं उघडलं. मी म्हटलं, मला काय खेळायचंय. म्हणाले, हिशेब तू लिहितेस, ते काय असतं ते तुला कळायला हवं. पासवर्डाची वेळ आली तसे हे उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी म्हटलं, अहो, मी घरचीच आहे. म्हणाले, म्हणूनच. मग मी देवाचं नाव घेऊन एकेक अक्षर शोधून दाबत बसले. दोनदा चुकले. तेवढा वेळ हे माझ्याकडे पाठ करून उभे होते. हातात फडकं होतं, आणि भिंतीवर पुसायला काही नव्हतं.

पासवर्ड तुलाही सांगणार नाही. लोभाला तो लागत नाही.

तुझी
ताई