मालकांच्या मनगटावरचं घड्याळ

१० एप्रिल १९८३

बसलिंग आला. मोटारीतून उतरला अन् थेट पाया पडला — म्हणजे काहीतरी पाहिजे! माझ्या पोटचा आहे, मला वास येतो.

लिही रुद्राणी. बाप तुझा असला तरी लिही. कुणाला दाखवणार नाही अशी गळ्यातल्या लिंगाची शपथ घेतलीस. (मी 'हाय' म्हटलं की पोरगी 'आहे' लिहिते. शाळेचं खूळ!)

म्हणाला, "अव्वा, लातूर आता जिल्हा झालाय. शिरूरचा रस्ता रुंद करायलेत. शेतातली अप्पांची समाधी आडवी येते. हलवावी लागंल."

बाप, माझे मालक, गेल्यापासून त्या बांधाकडं फिरकला नाही. आज समाधीची काळजी!

११ एप्रिल

रस्ता खरा आहे. तलाठी चुना मारून गेला. रेघ बरोबर मालकांच्या डोक्यावरून.

पण बसलिंगचा डोळा रस्त्यावर नाही, मनगटावर आहे. मालकांना आमच्या लिंगायत रीतीप्रमाणं बसवून पुरलं, भस्म घातलं, मीठ घातलं, अन् त्यांच्याच इच्छेनं घड्याळ हातावर राहू दिलं. सोन्याचं, दोन बटणांचं. दाबलं की बारीक काटा पळायचा, परत दाबलं की जागेवर उभा. शंकरपटात बैलजोड्या सुटल्या की मालक बटण दाबायचे. मी भांडायला लागले तरी दाबायचे! शेवटी बघून म्हणायचे, "आज लई वेळ चाललं."

१४ एप्रिल

टँकर आला नाही. बसलिंग आला. मुखेडकडच्या कुण्या जहागीरदाराच्या सुनेकडून सोन्याचं घड्याळ आणलं. "दुष्काळात जुनी घरं पेट्या उघडतात, अव्वा." हसत म्हणाला! तिकडं त्या बाईच्या रांजणाला तळ लागला असेल, इकडं ह्याच्या कपाटात आणखी एक घड्याळ कापसात निजलं.

"घाल की हातात," मी म्हटलं.

"घालायचं नसतंय. घासायचं बी न्हाई. जुनं हाय तसंच ठेवायचं."

"मग मला बी कापसात ठेव. मी बी जुनीच हाय!"

जवळ सरकला. मग हळूच, "अप्पांचं ह्या सगळ्यांहून भारी. तसलं देशात चार-पाच असतील. मिठानं आतलं खाल्लं असंल, तरी चालतंय."

"मिठानं बापाला बी खाल्लं असंल. ते चालतंय का?"

१९ एप्रिल

कडाक्याचं भांडण. सांगितलं — समाधी हलेल, घड्याळ हलणार नाही. मालकांसोबत गेलं, मालकांसोबतच नव्या खड्ड्यात जाईल. हात लावलास तर तुझ्या दारचं पाणी पिणार नाही.

"पाणी हाय कुठं?" म्हणाला. निर्लज्ज! तोंड माझंच घेऊन जन्मला.

२४ एप्रिल

उद्या उकरायचं. विधीला जंगम अय्या येणार. बसलिंग स्वतः खड्ड्यात उतरणार म्हणतो. "लेकाचं काम हाय." लेकाच्या खिशात मऊ फडकं पाहिलं मी!

मी काठावर बसणार. काठी घेऊन.

२५ एप्रिल

उतरला. माती सरली, मिठाचा थर सरला. मनगटाचं हाड दिसलं, त्यावर पिवळं. त्यानं फडकं काढलं. हात पुढं नेला. अन् तिथंच "अप्पा, अप्पा" करत लेकरासारखा रडला. मला तर काठी उगारायला तयार बसल्याची लाज वाटली. फडकं तोंडाला लावून तो वर आला अन् पाठ फिरवून लिंबाखाली बसला. घड्याळाला हात लावला नाही.

संध्याकाळपर्यंत मालक नव्या जागेत बसले.

२६ एप्रिल

काल एक लिहायला सांगितलं नाही. बसलिंगनं पाठ फिरवली तेव्हा अय्यांचा हात धरून मी खाली उतरले. नुसतं मनगट धरायचं होतं. पट्टा कुजलेला, घड्याळ नुसतं टेकलेलं. हात सोडायची वेळ आली, अन् रिकामा हात वर काढवेना.

माझ्या कमरेच्या पिशवीत आहे. बसलिंगला वाटतं, बापाजवळच आहे. वाटू दे!